पंक ऐकता? मग रॉकबिली आणि सायकोबिलीत शिरायचं कुठून, ते सांगतो

द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडच्या 'लंडन कॉलिंग' या अल्बमचा टीशर्ट तुमच्याकडे असेल, नसेल तर कुणाच्या तरी अंगात नक्की बघितला असेल. बेस गिटार आपटायला वाकलेला त्यांचा पॉल सिमोनन, डाव्या कडेने खाली उतरणारा गुलाबी अक्षरातला एक शब्द आणि तळाला आडवा हिरव्या अक्षरातला दुसरा. आता एल्विस प्रेस्लीचा १९५६ चा पहिला अल्बम शोधून त्याचं कव्हर शेजारी ठेवा. तोच गुलाबी, तोच हिरवा, अक्षरंसुद्धा त्याच जागी. हे योगायोगाने झालेलं नाही, रे लोरी नावाच्या डिझायनरने १९७९ मध्ये मुद्दाम तसं केलं होतं. मला हे कळलं तेव्हा मी बराच वेळ दोन्ही चित्रांकडे बघत बसलो होतो, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात एल्विस म्हणजे आजोबांच्या पिढीचं काहीतरी आणि क्लॅश म्हणजे आपलं, असे दोन वेगळे कप्पे होते.

दुसरी खूण अगदी अलीकडची आहे. २०२२ च्या शेवटी 'वेन्सडे' सिरीजमधला तो विचित्र नाच सगळ्या रील्सवर फिरत होता, बहुतेक रील्सना लेडी गागाचं गाणं लावलेलं, पण सिरीजमध्ये वेन्सडे ही पोरगी नाचते ते द क्रॅम्प्स या बँडच्या १९८१ च्या गाण्यावर, आणि तेही मुळात १९६२ च्या एका जवळपास विसरलेल्या रेकॉर्डचं कव्हर आहे, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या पद्धतीने नव्याने वाजवलेलं. तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलं की हे काय म्युझिक आहे, पंक आहे का, जुनं रॉक अँड रोल आहे का, भुताटकीचं काहीतरी आहे का. तिन्ही आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

रॉकबिली म्हणजे 'रॉक' अधिक 'हिलबिली'. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या डोंगराळ खेड्यांतल्या गरीब गोऱ्या लोकांना शहरातले लोक हिणवून हिलबिली म्हणायचे, आपल्याकडे 'गावठी' म्हणतात तसं. त्यांच्या कंट्री गाण्यांत कृष्णवर्णीयांच्या ब्लूजचा ठेका आणि जोर मिसळला की जे तयार झालं ते रॉकबिली. काळ साधारण १९५४ ते ५८, म्हणजे जेमतेम ४-५ वर्षं.

सायकोबिली म्हणजे त्याच रॉकबिलीला पंकचा वेग, पंकचा आवाज आणि झॉम्बी-शवपेट्या-जुने हॉरर सिनेमे असा सगळा मसाला लावलेला प्रकार. हा १९८० च्या आसपास लंडनमध्ये उभा राहिला. शब्द मात्र त्याआधीचा, तो जॉनी कॅशच्या १९७६ च्या एका गाण्यात येतो. गाण्यातला माणूस कार कारखान्यात नोकरीला असतो आणि वर्षानुवर्षं जेवणाच्या डब्यातून एकेक सुटा भाग घरी चोरून आणत कॅडिलॅक जोडतो, वेगवेगळ्या वर्षांचे भाग असल्यामुळे ती भलतीच विचित्र दिसते, आणि त्या गाडीला तो सायकोबिली कॅडिलॅक म्हणतो. या म्युझिकला याहून चांगलं नाव मिळालं नसतं, कारण हेसुद्धा असंच जुने सुटे भाग जोडून बनवलेलं आहे.

मेम्फिसमधली एक छोटी खोली

सुरुवात टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये, ७०६ युनियन अव्हेन्यू या पत्त्यावर. तिथे सॅम फिलिप्सने १९५० मध्ये स्टुडिओ काढला आणि नंतर सन रेकॉर्ड्स हे लेबल. पंकवाल्यांना हे लगेच कळेल, हे एक छोटं इंडी, म्हणजे स्वतंत्र लेबल होतं, पैसा नाही, माणसं नाहीत, मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या अशांना तो रेकॉर्ड करायचा. हाउलिन वुल्फ, बी. बी. किंग या ब्लूजवाल्यांची सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज त्याने केलीत.

५ जुलै १९५४ ला तिथे तीन जण होते. एल्विस, वय १९, गिटारवर स्कॉटी मूर आणि डबल बेसवर बिल ब्लॅक. ड्रमर नाही. बराच वेळ संथ गाणी वाजवून झाली, काही जमेना, आणि ब्रेकमध्ये एल्विसने उगाच आर्थर क्रुडप या ब्लूज गायकाचं एक गाणं उड्या मारत म्हणायला सुरुवात केली, बिल ब्लॅक बेस बडवायला लागला, स्कॉटी मूर त्यात घुसला, आणि आतल्या खोलीतून सॅम फिलिप्सने डोकं बाहेर काढून विचारलं की हे काय चाललंय, परत पहिल्यापासून करा.

त्या रेकॉर्डच्या एका बाजूला ते ब्लूज गाणं आहे. दुसऱ्या बाजूला बिल मन्रोचं ब्लूग्रास गाणं, म्हणजे पक्कं गोऱ्या खेड्यांतलं. मन्रोने ते तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये बांधलं होतं, या तिघांनी ते चारच्या ठेक्यात घेऊन पळवलं. एकच तबकडी, एका बाजूला एक समाज आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, तेही अशा काळात जेव्हा मेम्फिसमध्ये दोघांना बसमध्येसुद्धा शेजारी बसता येत नव्हतं. रॉकबिलीची व्याख्या कुणी विचारली तर मी ही तबकडी दाखवतो.

पुढच्याच वर्षी एल्विस ३५ हजार डॉलरला आरसीए या मोठ्या कंपनीकडे गेला. पण सनमध्ये तोवर कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश आलेले, मग जेरी ली लुईस आला.

त्या आवाजात नेमकं काय आहे?

दोन गोष्टी ओळखता आल्या की निम्मं काम झालं. पहिली गोष्ट एको, ज्याला स्लॅपबॅक म्हणतात. पूर्वीच्या टेप मशीनमध्ये दोन डोकी असायची, एक आवाज टेपवर लिहिणारं आणि त्याच्या थोडं पुढे तो वाचून ऐकवणारं. टेप पहिल्याकडून दुसऱ्याकडे जायला क्षणभर लागतो, सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. सॅम फिलिप्सने दुसऱ्या मशीनवरचा हा उशिरा येणारा आवाज मूळ आवाजात परत मिसळला. गावच्या विहिरीत डोकावून आपण हाक मारतो आणि ती लगेच आपल्यावर परत येते ना, तसंच, फक्त एकदाच आणि झटकन. त्यामुळे तीनच माणसं वाजवत असून खोली भरलेली वाटते.

दुसरी गोष्ट बेसची ठकठक, स्लॅप बेस. डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभं धरायचं लाकडी वाद्य. जाड तार बोटाने बाहेर ओढायची आणि सोडायची, ती परत येऊन लाकडी पट्टीवर आपटते, 'ठक्'. मग दोन स्वरांच्या मधल्या जागेत तळव्याने तारांवर थाप, अजून एक 'ठक्'. म्हणजे एकाच वाद्यातून खालचा घुमणारा स्वरही येतो आणि वरचा कडाडणारा ठेकाही. आपल्या ढोलकीचं आहे की नाही, एक बाजू घुमते आणि दुसरी कडाडते, आणि फडात ती एकटी सगळ्यांना पळवते. ड्रमर नसताना एल्विसचं गाणं चालतं ते बिल ब्लॅकच्या या दोन आवाजांवर. तासभर वाजवलं की बोटांची साल निघते, म्हणून वाजवणारे बोटांना चिकटपट्टी गुंडाळतात.

एक प्रयोग करा. हेडफोन लावा, गायकाकडे आणि गिटारकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि फक्त ती ठकठक शोधा. पहिल्यांदा सापडत नाही, पण एकदा सापडली की मग कान सोडत नाहीत. माझ्याबाबतीत हे लोकलमध्ये झालं, रुळांच्या सांध्यांचा आवाज आणि बेसचा आवाज एकात एक मिसळून गेला आणि माझं स्टेशन निघून गेलं.

पण पंकने तर जुनं सगळं फेकून दिलं होतं ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. पंकने फेकली ती मधली वर्षं, म्हणजे ७० च्या दशकातले दहा-दहा मिनिटांचे सोलो, कीबोर्डचे डोंगर, स्टेडियम. त्यावरून उडी मारून ते जिथे उतरले तिथे तीन कॉर्ड, दोन मिनिटांचं गाणं आणि एक वाजवतानाच मोडेल असा अॅम्प होता, आणि ती जागा म्हणजे १९५० चं दशक.

पुरावे भरपूर आहेत. लंडनमध्ये ४३० किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लॅरन आणि व्हिव्हियन वेस्टवूड यांनी १९७१ मध्ये दुकान काढलं तेव्हा तिथे टेडी बॉइजचे कपडे मिळायचे, टेडी बॉइज म्हणजे ५० च्या दशकातल्या रॉक अँड रोलवर जीव टाकणारी, लांब कोट घालणारी ब्रिटिश पोरं. तेच दुकान पुढे नाव बदलून सेक्स पिस्टल्स या पंक बँडचं माहेरघर झालं. १९७७ मध्ये त्याच रस्त्यावर टेडी बॉइज आणि पंक एकमेकांना बडवत होते, आणि दोघांचे कपडे एकाच दुकानाच्या इतिहासातले.

गाण्यांत बघा. सेक्स पिस्टल्सच्या सिड व्हिशसच्या आवाजात १९७९ मध्ये आलेली दोन गाणी एडी कॉक्रनची आहेत, हा कॉक्रन एप्रिल १९६० मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना टॅक्सीच्या अपघातात गेला, वय फक्त २१. 'लंडन कॉलिंग'मधलं दुसरं गाणं, ते कॅडिलॅकवालं, व्हिन्स टेलरचं १९५९ चं. क्लॅशचं 'आय फॉट द लॉ' आपण सगळे ओरडून म्हणतो, ते आधी बडी हॉलीच्या बँडने, तो गेल्यानंतर, रेकॉर्ड केलेलं आहे. म्हणजे ही गाणी तुम्हाला पाठ आहेत, फक्त मूळ पत्ता माहीत नव्हता.

मग हे झॉम्बी कुठून आले?

इथे १९५४ हे वर्ष परत येतं. त्याच वर्षी अमेरिकेत सिनेटपुढे कॉमिक्सवर सुनावण्या झाल्या, मुलं बिघडतात म्हणून, आणि त्यानंतर प्रकाशकांनी स्वतःवर अशी नियमावली लादून घेतली की भुतं, प्रेतं, व्हॅम्पायर असलेली हॉरर कॉमिक्स दुकानांतून जवळपास नाहीशी झाली. म्हणजे ज्या पोराने तेव्हा एल्विस ऐकला त्याच पोराच्या हातातून हॉरर कॉमिक काढून घेतलं गेलं. मोठ्यांना दोन्ही गोष्टी सारख्याच घाण वाटत होत्या. मला वाटतं की सायकोबिलीने पंचवीस वर्षांनी या दोन जप्त वस्तू परत एकत्र ठेवल्या.

पहिला हात द क्रॅम्प्सचा. लक्स इंटीरिअर आणि पॉयझन आयव्ही हे जोडपं, रद्दीतून आणि जुन्या दुकानांतून कुणी न ऐकलेल्या रॉकबिली रेकॉर्ड्स गोळा करणारं. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बँड सुरू झाला, रमोन्स हा पंक बँड वाजवायचा त्याच सीबीजीबी क्लबमध्ये. पोस्टरवर सायकोबिली हा शब्द त्यांनी टाकला, नंतर मात्र म्हणाले की ते फक्त लक्ष वेधायला होतं. पहिला अल्बम करायला ते मुद्दाम मेम्फिसला गेले, सॅम फिलिप्सच्या नंतरच्या स्टुडिओत.

त्यांचं एक रेकॉर्डिंग नक्की बघा. जून १९७८, कॅलिफोर्नियातल्या नापा इथलं सरकारी मनोरुग्णालय, समोर प्रेक्षक म्हणून तिथले पेशंट, साधा काळा-पांढरा व्हिडिओ. पेशंट येऊन माइकमध्ये ओरडतात, लक्सच्या गळ्यात पडतात, कुणी कोपऱ्यात आपल्याच तालात नाचतंय, आणि बँड कुणालाही बाजूला सारत नाही, कुणाकडे बघून हसत नाही, वाजवत राहतो. मी इतके गिग बघितलेत पण बँड आणि लोक यांच्यात इतकं कमी अंतर मला कुठेच दिसलं नाही.

दुसरा हात द मिटिऑर्सचा, लंडन, १९८०. रॉकबिलीतून आलेले पी. पॉल फेनेक आणि नायजेल लुईस, आणि ड्रम्सवर पंकमधून आलेला मार्क रॉबर्टसन. सायकोबिली हे वेगळं घराणं म्हणून सुरू होतं ते इथून. मग हॅमरस्मिथच्या क्लॅरेंडन हॉटेलमधला क्लब फूट, जिथे १९८८ पर्यंत हा सगळा गोतावळा जमायचा, ग्वाना बॅट्झ, डिमेंटेड आर गो, फ्रेन्झी. केस बघितले तरी कळतं, कडेने पूर्ण भादरलेले पंकसारखे आणि पुढे एल्विसचा कोंबडा, तोही वीतभर उंच. नाचाला रेकिंग म्हणतात, मॉश पिटचा, म्हणजे पंक गिगमधल्या धक्काबुक्कीच्या नाचाचा भाऊबंद, हात जास्त चालतात, आणि पडलेल्याला उचलायचा नियम इथेही आहे.

हे गोऱ्यांनी ढापलेलं म्युझिक नाही का?

प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये. ज्या गाण्याने एल्विसची सुरुवात झाली ते आर्थर क्रुडपचं, त्याला हक्काची रॉयल्टी मिळवायला आयुष्यभर झगडावं लागलं आणि १९७४ मध्ये तो गेला तेव्हाही ते पैसे हातात आले नव्हते. एल्विसचं कुत्र्यावरचं सगळ्यात गाजलेलं गाणं आधी बिग मामा थॉर्नटनने म्हटलंय, आणि माझ्या मते तिचंच भारी आहे. सनवरच ज्युनिअर पार्करने १९५३ मध्ये केलेलं आगगाडीचं गाणं एल्विसने दोन वर्षांनी केलं.

दुसरी बाजू अशी की ही पोरं तेच म्युझिक ऐकत, त्याच वस्त्यांच्या शेजारी, त्याच गरिबीत वाढली होती, प्रेम खरं होतं. पण प्रेम खरं असणं आणि हिशोब चुकता होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून रॉकबिली ऐकताना प्रत्येक कव्हरचं मूळ ऐकायची सवय लावा, त्यातच निम्मी मजा आहे.

याला जोडून दुसरी गोष्ट. जुन्या रॉकबिली टीशर्टांवर, पट्ट्यांवर कधीकधी तो लाल झेंडा दिसतो, निळी फुली आणि पांढरे तारे. तो अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा झेंडा आहे. 'नुसती स्टाइल आहे' असं म्हणणारे भेटतील. घेऊ नका.

आणि राजकारण नको म्हणतात, ते पंकला कसं चालेल?

सायकोबिलीत 'इथे राजकारण नाही' असा अलिखित नियम आहे आणि पंकवाल्यांना तो खटकतो, मलाही खटकला होता. त्यामागचं कारण त्या काळात आहे. ७० च्या शेवटी आणि ८० च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे लोक गिगमध्ये घुसायचे, डोकी फुटायची, कितीतरी शो अर्ध्यात बंद पडले. भुतांवर गाणी म्हणणाऱ्या या पोरांना निदान एक रात्र तरी त्यातून सुटका हवी होती. मला ते समजतं, पण झेंड्याचा विषय आला की गप्प बसणं हीसुद्धा एक बाजू होते असं मला अजूनही वाटतं. ज्यांना गाण्यात राग आणि मुद्दा दोन्ही हवंय त्यांनी ऑस्ट्रेलियाचा द लिव्हिंग एंड ऐकावा, त्याबद्दल खाली सांगतो.

ठीक आहे, ऐकायचं कुठून?

अल्बमची मोठी यादी घेऊन बसू नका. वर सांगितलेल्या जोड्या घ्या, एकदा पंकवाला, लगेच मूळ, तेवढ्यावर पहिला आठवडा निघतो. मग जॉनी बर्नेटच्या त्रिकुटाचं १९५६ चं काम. गिटारचा तो फाटका, खरखरीत आवाज ऐकून हे रमोन्सच्या वीस वर्षं आधीचं आहे यावर विश्वास बसत नाही. त्यानंतर वांडा जॅक्सन. पोरींनी गोड गावं अशी अपेक्षा असताना ती घसा खरवडून गात होती, आणि तिचं १९५७ चं एक गाणं अमेरिकेत दुर्लक्षित राहिलं पण जपानमध्ये तुफान चाललं. टोकियोच्या योयोगी पार्कपाशी लेदर जॅकेट घालून रविवारी रॉकबिलीवर नाचणारे लोक आजही दिसतात.

मधला पूल म्हणजे स्ट्रे कॅट्स. न्यूयॉर्कजवळची तीन पोरं १९८० मध्ये लंडनला गेली, ड्रमर उभ्याने वाजवतो, आवाज स्वच्छ, पंकवाल्याला पहिल्या फटक्यात थोडं गुळगुळीत वाटेल. थांबा जरा, ब्रायन सेट्झरचा उजवा हात ऐका.

आता लिव्हिंग एंड. मेलबर्नचे, स्ट्रे कॅट्सची गाणी वाजवतच सुरू झालेले, ९० च्या शेवटी आलेलं त्यांचं पहिलं मोठं गाणं ग्रीन डे आवडणाऱ्या कुणालाही लगेच पकडतं आणि मग लक्षात येतं की अरे, खाली डबल बेस ठकठकतोय. मला कुणी एकच नाव विचारलं तर पंकवाल्याला मी हेच देतो. रॅन्सिड आवडत असेल तर टायगर आर्मी, रॅन्सिडच्या टिम आर्मस्ट्राँगच्याच लेबलवर आलेले, जरा उदास, जरा रोमँटिक. कोपनहेगनचे नेक्रोमँटिक्स, त्यांचा किम नेक्रोमन आधी डॅनिश नौदलाच्या पाणबुडीत रेडिओ सांभाळायचा आणि आता शवपेटीच्या आकाराचा बेस वाजवतो. तिथलाच हॉररपॉप्स, पॅट्रिशिया डे गाते आणि बेसही तीच बडवते. मिटिऑर्स आणि डिमेंटेड आर गो शेवटी ठेवा, ते कच्चं आहे, कान तयार असले की जास्त लागतं.

सगळं सारखंच वाजतं अशी तक्रार येतेच. बाहेरच्याला पंकही सारखंच वाजतं, लावणीही आणि अभंगही. ठेका ठरलेला असतो, त्यामुळे फरक कुठे आहेत ते ऐकायला कान मोकळे होतात. आणि हा ठेका आपल्याला तसा परकाही नाही, १९५७ मध्ये सी. रामचंद्रांनी 'ईना मीना डीका' केलं तेव्हा मेम्फिसच्या त्या रात्रीला तीनच वर्षं झाली होती.

वाजवून बघायचं असेल तर

डबल बेस महाग आहे, ठेवायला जागा लागते, लोकलमधून नेता येत नाही. त्यावाचून अडत नाही, क्रॅम्प्सकडे पहिली जवळजवळ १० वर्षं बेस नव्हताच, दोन गिटारवर भागवलं. आणि जॉनी कॅशकडे सुरुवातीला ड्रमर नव्हता, तेव्हा त्याने काय केलं तर एक कागद घडी करून गिटारच्या तारांमधून विणला, एक तार वर, एक खाली. मी हे लाइट बिलाच्या कागदावर करून बघितलं. बिल उभं दुमडून पट्टी केली, गिटारच्या मानेवर वरच्या फ्रेट्सपाशी तारांमधून सरकवली, साधा ई कॉर्ड धरला आणि जाड तार एकदा, मग सगळ्या तारांवर झरकन खाली. स्वर जवळजवळ मेला आणि त्या जागी स्नेअर ड्रमवर ब्रश फिरवल्यासारखा खर्र आवाज आला, धूम-चिक, धूम-चिक. जरा जाड कागद घेतला की अजून छान येतो. शेजारच्या खोलीतून आईने विचारलं, काय रे, कोण आलंय वाजवायला?